वेळेचा धनी

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस, केळीच्या बागांनी वेढलेले यावल हे गाव आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा त्या केंद्राची चित्रे यावलपर्यंत पोहोचत नसत. मनोऱ्यावरून निघणाऱ्या चित्रलहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात; पृथ्वीचा पृष्ठभाग मात्र वक्र आहे. त्यामुळे काही अंतरापलीकडे त्या मिळत नाहीत. मुंबई तर यावलपासून साडेतीनशे किलोमीटरांहूनही दूर! पुढे उपग्रह व ठिकठिकाणची प्रक्षेपण केंद्रे यांच्या साहाय्याने ही अडचण दूर झाली.

तरीही एक बंधन उरलेच, ते वेळेचे. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ ही मालिका दाखविण्यात येऊ लागली. त्या वेळी अनेक गावांतील रस्ते ओस पडत, कारण ठरलेली घटका चुकली की तो भाग हुकला. २०२० साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ या मालिकेतील पाठ दाखविले जात. त्यांच्याही वेळा ठरलेल्या होत्या.

लॅपटॉपने हे बंधन सैल केले. इंटरनेटवरील कार्यक्रम दूरच्या संगणकांत आकड्यांच्या रूपाने साठविलेला असतो. मागणी होताच तो लहान लहान तुकड्यांनी निघतो. वाटेचा बराचसा भाग हे तुकडे काचेच्या तंतूंतून प्रकाशरूपाने धावतात. लॅपटॉप ते क्रमाने जुळवून पडद्यावर चित्र उमटवितो. तुकडे येण्यास विलंब झाला, तर चित्र मध्येच थबकते. असा कार्यक्रम हवा तेव्हा थांबविता येतो. न समजलेला भाग पुन्हा पाहता येतो. पूर्वी प्रेक्षक कार्यक्रमाची वाट पाही. आता कार्यक्रम प्रेक्षकाची वाट पाहतो.

परंतु या सोयीबरोबर एक जबाबदारीही आली आहे. पूर्वी कार्यक्रम संपला की संच बंद होई. आता एक भाग संपतो न संपतो, तोच पुष्कळदा दुसरा आपोआप सुरू होतो. कोठे थांबावयाचे, हे दुसरे कोणी सांगत नाही. केळीला पाणी पुष्कळ लागते. पण विहीर भरलेली आहे म्हणून यावलचा शेतकरी ते रात्रंदिवस सोडीत नाही. पाणी साचून राहिले तर मुळे कुजतात, हे तो जाणतो. त्याचप्रमाणे काय पाहावयाचे व केव्हा थांबावयाचे, हे लॅपटॉप उघडण्यापूर्वीच जो ठरवितो आणि पाळतो, तोच आपल्या वेळेचा खरा धनी होय.