पेपरमिंटच्या तेलांतील द्रव्यें व त्यांचे गुणधर्म

पाल्याचें पीक घेणारा शेतकरी बहुधा वजनाकडे पाहतो. तेलासाठीं पेपरमिंट लावणाऱ्यास मात्र केवळ वजन पाहून भागत नाहीं. एकाच वाफ्यांतील पाल्याचें तेल कापणीच्या वेळेप्रमाणें उंची किंवा हिणकस निघतें. असें कां होतें हें समजण्यास, त्या तेलांत कोणतीं द्रव्यें असतात व तीं पानांत कशीं तयार होतात, हें जाणणें अवश्य आहे.

जाति.— ‘पुदिना’ या एका नांवाखालीं तीन निरनिराळ्या वनस्पति मोडतात. परसांत चटणीसाठीं लावतात तो बहुधा स्पिअरमिंट. त्याच्या तेलांतील मुख्य द्रव्य कार्व्होन. दुसरा जपानी पुदिना. याच्या तेलांत मेंथॉल शेंकडा ७० ते ८० पर्यंत असतें. तिसरी खरी पेपरमिंट. ती स्पिअरमिंट व पाणपुदिना यांच्या संकरापासून झालेली आहे व वंध्य आहे. म्हणून तिची लावणी जमिनीलगत धांवणाऱ्या फुटव्यांनींच करावी लागते. पेपरमिंटचें बीं म्हणून कोणी पुडी देऊं लागल्यास ती घेण्यापूर्वीं हें ध्यानांत असावें.

तेलाची घटना.— तेल पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत सांठतें. वाळलेल्या पानांत तें सामान्यतः शेंकडा १ ते ३ असतें. चांगल्या पेपरमिंट तेलांत मेंथॉल शेंकडा ३० ते ५५, मेंथोन १४ ते ३२ व मेंथिल ॲसिटेट ३ ते १० असतें. यांखेरीज सिनिओल, लिमोनीन, मेंथोफ्युरान व पुलेगोन हीं द्रव्यें थोड्याफार प्रमाणांत असतात. शेवटचीं दोन जितकीं कमी तितकें तेल चांगलें. पानांतील रोझमॅरिनिक आम्ल व तुरट द्रव्यें पाण्यांत विरघळतात. तीं पानांच्या काढ्यांत उतरतात, परंतु ऊर्ध्वपातनानें काढलेल्या तेलांत येत नाहींत.

पानांतील क्रिया.— या क्रियेचा उलगडा मुख्यतः अमेरिकेंतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठांत रॉडनी क्रोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला. ग्रंथींत प्रथम लिमोनीन बनतें. त्यावर प्राणवायूचा अणु कोठें बसतो यावर पुढील सर्व अवलंबून असतें. स्पिअरमिंटमध्यें तो सहाव्या कार्बनावर बसतो व कार्व्होन होतें. पेपरमिंटमध्यें तिसऱ्यावर बसतो व कांहीं पायऱ्यांनंतर पुलेगोन होतें. येथें वाट दुभंगते. एका वाटेनें पुलेगोनचें मेंथोन व पान जून होतां होतां मेंथोनचें मेंथॉल होतें. ही लाभाची वाट. दुसऱ्या वाटेनें त्याचें मेंथोफ्युरान होतें, ही तोट्याची.

कापणी.— पीक फार कोंवळें कापल्यास मेंथोन अधिक व मेंथॉल कमी मिळतें. फार उशीर केल्यास खालचीं पानें गळतात, आणि फुलांच्या तेलांत पुलेगोन व मेंथोफ्युरान पुष्कळ असल्यामुळें सर्व तेलाची प्रत उतरते. म्हणून फुलोरा नुकताच दिसूं लागतांच, कोरड्या व स्वच्छ उन्हाच्या दिवशीं कापणी करावी. पाला कांहीं तास सावलींत पसरून सुकवावा व मग भट्टींत भरावा. ढीग करून तापूं देऊं नये.

आपल्या हवेचा प्रश्न.— दिवस लहान व रात्री उष्ण असल्या म्हणजे पुलेगोन तोट्याच्या वाटेनें अधिक जातें. अमेरिकेच्या ऑरेगॉन संस्थानांत उन्हाळ्यांतील सर्वांत मोठा दिवस साडेपंधरा तासांचा असतो. पुण्यास तो सुमारें सव्वातेरा तासांचाच. पेपरमिंट आपल्याकडे हिरवीगार वाढली तरी तिच्या तेलास तिकडील प्रत येणें कठीण, त्याचें एक मोठें कारण हेंच. उत्तर प्रदेशांतील बाराबंकी, रामपूर इत्यादि भागांत जपानी पुदिन्याचें पीक मोठ्या प्रमाणावर होतें, व लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेनें त्याचे ‘कोसी’सारखे वाण काढले आहेत. ज्यांस मेंथॉलसाठीं लागवड करावयाची असेल त्यांनीं पेपरमिंटच्या नांवास न भुलतां याच जातीचा विचार करावा.

शरीरावरील परिणाम.— मेंथॉलनें अंग खरोखर थंड होत नाहीं. थंडी ओळखणारें जें ग्राहक त्वचेच्या मज्जातंतूंत असतें, त्यासच मेंथॉल चेतवितें. हा शोध २००२ सालीं लागला; स्पर्श व उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकांवरील कार्याबद्दल डेव्हिड ज्युलिअस व आर्डेम पॅटापूटिअन यांस २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरा गुण असा कीं, मेंथॉल आंतड्याच्या स्नायूंत कॅल्शियमचा प्रवेश रोखून ते सैल करतें. त्यामुळें मुरडा कमी होतो. म्हणून आंतड्यांत विरघळणाऱ्या वेष्टनाच्या गोळ्यांतून हें तेल देतात. याच गुणामुळें जठराचें वरचें तोंड सैल होऊन कांहींस छातींत जळजळ होते. घरोघर ठाऊक असलेल्या अमृतधारेंतही कापूर व ओंव्याचें फूल यांबरोबर मेंथॉलच असतें.

सावधगिरी.— पुलेगोन अधिक प्रमाणांत यकृतास अपायकारक आहे. तान्ह्या मुलांच्या नाकास किंवा तोंडाजवळ पेपरमिंट तेल वा मेंथॉल कदापि लावूं नये. त्यानें घसा आवळून श्वास कोंडण्याचा धोका असतो. घरची भट्टी आहे म्हणून तेल मोजमापाशिवाय पोटांत घेणें हेंही तितकेंच अनिष्ट होय.

सारांश, रोपें घेतांना जात पारखावी, कापणीस फुलोऱ्याची खूण पाहावी, व तेल विकण्यापूर्वीं त्यांतील मेंथॉलचें प्रमाण प्रयोगशाळेंतून तपासून घ्यावें. ज्यास आपल्या मालाचें प्रमाण ठाऊक आहे, त्यास दलालाच्या नाकावर भाव सोंपवावा लागत नाहीं.