आपल्या अंगणाचा नकाशा : घरच्या बागेचं नियोजन मुलांसोबत



आजचा पाठ पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी आहे, पण तो वर्गात बसून होणार नाही. घराच्या अंगणातच करावा लागेल. साहित्य फार नाही : मोठा ग्राफ पेपर, मोजायची टेप, सुतळी, चार-सहा खुंट्या, थोडा चुना आणि एक सरळ काठी. प्रमाण, क्षेत्रफळ, सूर्याची जागा, मातीचे गुणधर्म हे सगळं यात येतं. आणि पाठ संपल्यावर वहीत गुणांऐवजी घराला सावली मिळते.

आधी हा पाठ का, ते सांगतो. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, कुठल्याही नव्या लेआउटमध्ये फिरून बघा. घर बांधून होतं, वास्तुशांती होते, आणि हातात उरलेल्या पैशातून भिंतीपासून कंपाउंडपर्यंत सिमेंटचे गट्टू बसवले जातात. कारण खोटं नाही. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती चपलेला धरते, चप्पल घरात येते, आणि फरशी पुसणारीचा जीव जातो. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की तेच गट्टू दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता भिंतीला परत देत राहतात. मग कूलर मोठा लागतो, त्याला पाणी जास्त लागतं, आणि नेमकं तेव्हाच नळाचं पाणी कमी झालेलं असतं. पावसाचं पाणी मात्र गट्टूंवरून थेट नालीत जातं. या घरातलं मूल खेळायला कुठे जातं? रस्त्यावर, नाहीतर मोबाइलवर.

दुसरी गंमत जून महिन्यातली. पहिला पाऊस झाला की आपण नर्सरीत जातो, दिसतील ती आठ-दहा रोपं आणतो आणि भिंतीला लागून ओळीने लावून टाकतो. जागा कोणती, हे खड्डा खणताना ठरतं. म्हणून या पाठाचा एकच नियम ठेवा : आधी महिनाभर बघायचं आणि कागदावर मांडायचं, रोप त्यानंतर.

वर्धेकरांना याचं उदाहरण बघायला लांब जायला नको. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावात राहायला आले. १९४० मध्ये या गावाचं नाव सेवाग्राम झालं. तारीख बघा, एप्रिलचा शेवट म्हणजे आपल्याकडचं भर ऊन. घर बांधायचं तर आसपास मिळणारं साहित्य, गावातले कारागीर आणि कमीत कमी खर्च, ही त्यांची अट होती. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो ती आधी मीराबेनची झोपडी होती. माती, बांबू, कवेलू, एवढ्यावर ती उभी आहे. आपण सहल नेतो तेव्हा मुलं चष्मा आणि चरखा बघून परत येतात. पुढच्या वेळी सोबत टेप न्या आणि मुलांना वेगळे प्रश्न द्या. छप्पर भिंतीच्या किती पुढे आलंय? दुपारी तीन वाजता भिंतीवर ऊन पडतं का? मोठी झाडं झोपड्यांपासून किती पावलांवर आहेत? कवेलूवरून पडणारं पाणी कुठे वाहत जात असेल? ही घरं आणि त्यांच्याभोवतीचं आवार एकमेकांशिवाय समजत नाहीत. ओसरीची सावली, झाडाची सावली आणि मोकळी जमीन, तिन्ही मिळून तिथला गारवा बनतो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची मांडणी तिथून पुढे गेली, हे आपण डी.एड.ला पाठ केलंय. हातांनी काम करता करता गणित-विज्ञान शिकायचं, हा तिचा गाभा. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही शेती आणि बागकाम अभ्यासाचाच भाग आहे. आपल्याला घरच्या अंगणात तेवढंच करायचंय.

आता नकाशा. उदाहरणासाठी तीस बाय पन्नास फुटांचा प्लॉट घेऊ, रस्ता पूर्वेला. घर चोवीस बाय तीस. मुलांना आधी क्षेत्रफळ काढू द्या : प्लॉट १५०० चौरस फूट, घर ७२०, म्हणजे मोकळी जागा ७८०. अर्ध्याहून जास्त जागा घराबाहेर आहे, हे बहुतेक पालकांना पहिल्यांदा तेव्हाच कळतं. एक सेंटिमीटर म्हणजे दोन फूट असं प्रमाण धरलं तर नकाशा पंधरा बाय पंचवीस सेंटिमीटरचा होतो, कागदावर छान मावतो. त्यावर दारं, खिडक्या, न्हाणीचं पाणी बाहेर पडतं ती जागा, बोअर, सेप्टिक टँक, विजेची तार, शेजाऱ्याची भिंत, सगळं दाखवायचं. तार विसरू नका. पाच वर्षांनी झाडाचा शेंडा छाटायला वीज मंडळाची माणसं येतात, तेव्हा मुलंच रडतात.

मग सावली मोजायची. अंगणात काठी उभी रोवा आणि सकाळी नऊ, दुपारी सव्वाबारा, तीन आणि पाच वाजता सावलीच्या टोकावर चुन्याची खूण करा. वर्धा साधारण पावणेएकवीस अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी सव्वाबाराच्या सुमारास काठीला सावलीच राहत नाही. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते! पुस्तकात हे वाचलेलं असतं, पण चुन्याची खूण भलत्याच बाजूला गेलेली पाहिली की मुलं खरी चक्रावतात. डिसेंबरात हाच प्रयोग पुन्हा करा. तेव्हा दुपारची सावली जवळपास काठीएवढीच लांब, आणि उत्तरेला.

याचा बागेशी संबंध काय? फार मोठा. ‘दक्षिणेला मोठं झाड लावा, घर थंड राहील’ असं पुष्कळ जण सांगतात. आपल्या भागात उन्हाळ्यात दुपारचं ऊन जवळजवळ डोक्यावरून येतं, ते छपरावर पडतं. दक्षिणेच्या झाडाची सावली तेव्हा भिंतीवर फारशी येत नाही. ती येते थंडीत, जेव्हा आपल्याला ऊन हवं असतं. भिंत खरी तापते ती दुपारी तीन ते सहा, पश्चिमेकडून, आणि मे-जूनमध्ये तर सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेला सरकून मावळतो. म्हणजे सावली हवी पश्चिम आणि वायव्य बाजूला. दक्षिण बाजू मोकळी ठेवा किंवा तिथे चाफा लावा. त्याची पानं थंडीत गळतात, ऊन अडत नाही.

आता झाड निवडताना पुठ्ठ्याची वर्तुळं कापा. कडुनिंबाचा पूर्ण वाढलेला पसारा सहज तीस फुटांचा होतो, म्हणजे नकाशावर पंधरा सेंटिमीटरचं वर्तुळ. मुलांना ते ठेवायला सांगा. ते प्लॉटच्या पूर्ण रुंदीएवढंच भरतं! कडुनिंब वाईट आहे असं नाही. खेड्यातल्या मोठ्या वाडीत किंवा शाळेच्या पटांगणात त्याच्यासारखं झाड नाही. पण या प्लॉटमध्ये घरामागे बाराच फूट जागा उरली आहे. त्यात काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. झाड मुळांनी ओल ओढून घेतं, तेव्हा भिंतीजवळची माती आणखी आकसते आणि पायाला तडा जायची भीती असते. मोठं झाड भिंतीपासून निदान पंधरा-वीस फूट हवं. एवढी जागा नसेल तर मोह सोडावा. पिंपळ, वड, उंबर तर घराच्या अंगणात नकोच. मग पश्चिमेला काय? जांबाचं वर्तुळ सहा-सात सेंटिमीटरचं, ते बसतं. सीताफळ बसतं, लिंबू बसतो. उरलेल्या भागात बांबूचा मांडव करून त्यावर मधुमालती सोडा, किंवा जानेवारी-फेब्रुवारीत दोडका, कारली लावा. पाणी मिळालं तर एप्रिल-मेपर्यंत मांडव भरतो. शेवगा घरोघरी हवा, पण त्याची फांदी ठिसूळ, वादळात मोडते. छपराजवळ आणि गाडी ठेवायच्या जागी नको.

पाण्याचं गणित मुलांना सगळ्यात जास्त आवडतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपलं ७२० चौरस फुटांचं छप्पर म्हणजे सुमारे ६७ चौरस मीटर. पन्नास मिलिमीटरचा एक जोरदार पाऊस पडला तर ३३५० लिटर! आपल्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी पन्नास हजार लिटरच्या वर पाणी एका छपरावरून येतं. ते सगळं साठवता येणार नाही. पण छपराचा पाइप नालीत सोडायचा की पुनर्भरणाच्या खड्ड्यात, हे नकाशावर आधीच ठरलं पाहिजे. गट्टू बसल्यावर कोणी खोदत नाही.

काळ्या मातीचा प्रयोगही करा. एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा पाण्याने भरा आणि जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी वेळ वाढतो, कारण माती फुगून भेगा मिटलेल्या असतात. म्हणूनच पावसाळ्यात आपल्याकडे रोपं उन्हाने कमी आणि मुळं कुजून जास्त मरतात. रोप खड्ड्यात खाली बसवू नका, थोड्या उंचवट्यावर लावा. चिखलाला उपाय म्हणून सगळं अंगण झाकायची गरज नाही. फाटकापासून दारापर्यंत आणि मागच्या न्हाणीपर्यंत तीन-चार फुटांची मुरूम किंवा फरशीची वाट करा. तिला भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांना दोन-तीन इंच उतार द्या. भांड्यांचं, न्हाणीचं पाणी जातं तिथे केळी आणि अळू.

वाट कुठून जावी हे मात्र टेपने ठरत नाही, घरातल्या माणसांना विचारूनच ठरतं. मुलांना घरी मुलाखती घ्यायला सांगा. आजी, तुम्ही सकाळी कोवळ्या उन्हात कुठे बसता? आई, कुरडया-पापड कुठे वाळवतेस? कपड्यांची दोरी कुठे हवी? शेतकरी घर असेल तर कापूस कुठे उतरवायचा, तुरीची पोती, फवारणीचा पंप कुठे ठेवायचा? आजोबा रात्री उठतात तेव्हा पाय कुठे अडखळतो? बहुतेक घरांत अंगण बाबा ठरवतात आणि वापरते आई, हे मुलांच्याच वहीत लिहून येतं. पालकांनी ते राग न मानता वाचावं. आणि मुलांसाठी एक कोपरा मातीचाच राहू द्या, तिथे काही लावू नका.

दोन गोष्टी सुरक्षेच्या. कण्हेर, विशेषतः पिवळी, विषारी असते. लहान मूल असलेल्या घरात ती नको. विटा-लाकडांचा ढीग दारापासून लांब, पावसाळ्यात त्यात साप बसतात. पावसाळा लागला की कूलरची टाकी कोरडी करा आणि कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला ओता, नाहीतर बागेपेक्षा डेंग्यूचे डास जास्त वाढतील.

नकाशा तयार झाला की लगेच खणू नका. खुंट्या आणि सुतळीने वाट, वाफे, मांडव जमिनीवर आखा आणि आठवडाभर घरातल्यांना त्यातून वावरू द्या. सुतळी कोणी कुठे ओलांडली, ते मुलांनी टिपायचं. रोज ओलांडली जाते तिथे वाटच हवी, वाफा टिकणार नाही. मग जूनच्या अखेरीस जमीन नीट भिजली की नर्सरीत जा, हातात यादी घेऊन. या अंगणापुरती माझी यादी अशी : एक जांब, एक लिंबू, एक गोडलिंब, चाफा, दाराशी मोगरा, मांडवाला मधुमालती. सांबार, पालक, मेथीचं बी घरी पेरता येतं.

वर्गात हा पाठ घेतलात तर सगळे नकाशे एका भिंतीवर शेजारी-शेजारी लावा. प्लॉट सारखे असले तरी नकाशे सारखे येणार नाहीत. मुलांना एकमेकांना फक्त एकच प्रश्न विचारू द्या : ‘हे इथेच का?’ ज्याला उत्तर देता आलं नाही त्याने ती गोष्ट खोडायची, आणि डिसेंबरात काठीची सावली पुन्हा मोजायला नकाशा जपून ठेवायचा.