फिल्टर बदलला, मग जेटचं काय?

चाकणच्या बजाज प्लांटमधून निघालेल्या जुन्या कार्बोरेटरच्या पल्सर आजही कस्टम कामाला येतात. गिऱ्हाईक म्हणतं, "फक्त कोन फिल्टर टाका." इथेच थांबा.

1 भाग पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते. मोकळ्या फिल्टरने हवा वाढते, पण जेट जुनाच राहतो. मिश्रण लीन होतं, इंजिन तापतं, पिस्टन जाम होऊ शकतो. मग इंजिन खोलायचा खर्च तुमच्याच गळ्यात!

क्रम लक्षात ठेवा:

1. आधी फिल्टर आणि सायलेन्सर फायनल करा.
2. मेन जेट एकेक नंबरने वाढवा, फुल थ्रॉटलची ओढ बघा.
3. मधल्या थ्रॉटलसाठी नीडल.
4. शेवटी, इंजिन गरम असताना, आयडलिंगसाठी पायलट स्क्रू.
5. प्लग बघा: पांढरा म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच, फिकट तपकिरी म्हणजे बरोबर.

एका वेळी एकच बदल. जुना-नवा जेट नंबर जॉब कार्डवर लिहा.

एमआयडीसीच्या धुळीत फिल्टर लवकर चोंदतो आणि तेच सेटिंग रिच होतं. म्हणून फिल्टर, जेटिंग आणि एक साफसफाई असा एकच दर सांगा. जेटिंग नको म्हणणाऱ्याला नुसता फिल्टर विकू नका. त्या विक्रीत नफा थोडा, जोखीम मोठी.