चेन्नईतलं नवं घर, कुंड्या आणि दिव्याचा टायमर

समोरच्या इमारतीने ऊन अडवलं की गॅलरीतली तुळस उंच, लुकडी होत जाते आणि मेथी दोन पानांवरच थांबते. अशा घरांत एलईडी दिवा आणि टायमर लावणं हा उपाय चांगला. इथल्या जुन्या मराठी घरांचा त्याबाबत एकच आग्रह आहे: टायमर तपासल्याशिवाय त्याच्या भरवशावर झाडं सोडू नका.

बाजारात स्वस्त मिळतो तो चकतीचा टायमर. त्याची एकेक पिन बहुधा 15 मिनिटांची, म्हणजे 12 तासांसाठी 48 पिना दाबायच्या. चकती बाणाच्याच दिशेने फिरवून चालू वेळ लावा. बाजूचं छोटं बटण ‘कायम चालू’वर राहिलं, तर पिना कशाही लावल्या तरी दिवा विझत नाही.

पण ही चकती विजेवरच फिरते. वीज गेली की घड्याळही थांबतं. चेन्नईत देखभालीसाठी विभागवार वीज बंद ठेवतात, बहुधा सकाळी 9 ते दुपारी 2, आणि तसं वर्तमानपत्रात आधी जाहीर होतं. त्या दिवसानंतर पहाटे 5 ला लागणारा दिवा 10 ला लागतो आणि रात्री उशिरापर्यंत जळत राहतो. डिसेंबर 2016 चं वरदा, डिसेंबर 2023 चं मिचाँग, अशा वादळांत तर काही भागांत वीज कित्येक दिवस नव्हती. त्यामुळे आतल्या बॅटरीवर वेळ सांभाळणारा डिजिटल टायमरच घ्या. रिची स्ट्रीटवर विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानं ओळीने आहेत. परदेशातून कुणी आणून दिलेला 110 व्होल्टचा टायमर मात्र इथल्या 230 व्होल्टवर लावू नका.

तपासणीसाठी आधी झाडांचा दिवा नको, टेबल लॅम्प जोडा. पाच-दहा मिनिटांनंतरची वेळ लावून तो लागतो आणि विझतो का ते बघा. मग मुद्दाम प्लग काढा, अर्ध्या तासाने परत लावा आणि घड्याळ बरोबर आहे का पाहा. डिजिटलमध्ये सकाळ-संध्याकाळची गल्लत फार होते, तेव्हा एक पूर्ण दिवस-रात्र नजर ठेवा.

शेवंती असेल तर ही काळजी दुप्पट. 1920 मध्ये अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड यांनी दाखवून दिलं, की काही झाडांचं फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं. शेवंतीला कळ्या धरायला लांब, अखंड अंधार लागतो. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी फुलं लांबतात. तुळशीला 12 ते 14 तास चालतात. कोथिंबिरीला फार जास्त प्रकाश दिलात तर ती लवकर फुलावर येते.

खर्चाची धास्ती नको. 20 वॅटचा दिवा रोज 12 तास लावला तरी दोन महिन्यांच्या बिलात साडेचौदा युनिटांच्या आसपास भर पडते.