चप्पल महिन्याला कितीला पडते?

हात आखडता असला की चप्पल घेताना आपण किंमत विचारतो आणि थांबतो. माझ्या मते खरा प्रश्न त्यापुढचा आहे: ती महिन्याला कितीला पडणार? समजा, 300 रुपयांची रेक्झिनची जोडी चार महिन्यांत गेली, तर महिना 75 रुपये झाले. 1200 ची चामड्याची कोल्हापुरी दोन वर्षं टिकली आणि मध्ये 200 देऊन तळ बदलला, तर महिना साधारण 58. फरक डोळे दिपवणारा नाही, हे आधीच मान्य करायला हवं. पण तो पडतो तो दुरुस्तीमुळे. हिरडा, बाभळीची साल यांत कमावलेलं चामडं वादीनं शिवलेलं असतं. टाका उसवला तर पुन्हा घालता येतो, टाच झिजली तर नवी बसते. रेक्झिनचा पापुद्रा सुटला की कारागिराकडेही इलाज नसतो.

म्हणून कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये नावावर भुलू नका. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. पण नक्कल अजूनही त्याच नावानं विकली जाते. तळाची कड बघा. चामड्याचे थर दिसतात की मधे पुठ्ठा आहे? अंगठा आणि पट्टा तळात शिवून घेतलेत की नुसते चिकटवलेत? वेणी, गोंडा, जरीकाम यांनी किंमत वाढते, आयुष्य नाही. पैसे मोजके असतील तर साधी जोडी घ्यावी.

यावर रास्त आक्षेप असा, की रोजंदारीवरच्या माणसाकडे एकदम 1200 नसतात. खरं आहे. स्वस्त घेणाऱ्याला हिशेब कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला आज अनवाणी जाता येत नाही. त्यानं 300 चीच घ्यावी, पण रेक्झिनची नक्कल घेण्यापेक्षा सरळ रबरी घ्यावी. दुसरा आक्षेप पावसाचा, आणि तो माझा सगळा हिशेब उलटवू शकतो. जून ते सप्टेंबर चामडं भिजत राहिलं, वर उन्हात वाळवलं, तर ते कडक होऊन तडकतं आणि दोन वर्षांची जोडी एका पावसाळ्यात संपते. तेव्हा ते चार महिने रबरी चप्पल वापरा, चामड्याची कोरड्या जागी ठेवा. भिजलीच तर सावलीत वाळवून तेलाचा हात द्या. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढं नक्की विचारा: तळ झिजला तर नवा बसवून मिळेल का, आणि कितीला?