बिल्ड मध्येच थबकली? डिस्टसीसीचं अडलेलं कनेक्शन सोडवण्याची कृती

भोपाळच्या एम.पी. नगरातलं छोटं ऑफिस असो की अरेरा कॉलनीतल्या घरातली तीन-चार मशीन, एकावर कोड आणि बाकीच्यांवर कंपाइलचं ओझं ही मांडणी डिस्टसीसीवर छान जमते. मग एक दिवस बिल्ड मध्येच थबकते. एरर नाही, हालचाल नाही. घाबरू नका, याचं कारण हमखास सापडतं. फक्त क्रम मोडू नका.

खाली उबुंटू किंवा डेबियन धरलं आहे. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा आणि ‘डिस्टसीसी_’ने सुरू होणारी व्हेरिएबल सगळी कॅपिटलमध्ये लिहा. बिल्ड जिथे लावली ते ‘तुमचं मशीन’, जे कंपाइल करून देतं ते ‘मदतनीस’.

जवळ ठेवा: दोन टर्मिनल, प्रत्येक मशीनचा सुडो पासवर्ड, खात्रीची एक लॅन केबल, कागद आणि पेन.

१. बिल्ड तशीच अडकलेली राहू द्या. हात कंट्रोल-सीकडे जाईल, पण थांबा. आत्ता ती बंद केली तर पुरावाच जाईल.

२. दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘डिस्टसीसीमॉन-टेक्स्ट १’ चालवा. दर सेकंदाला ताजी यादी दिसेल. यादी रिकामी आली तर तुम्ही वेगळ्या युजरने लॉगिन आहात. बिल्डवाल्या युजरनेच चालवा.

३. अडलेल्या ओळीतला टप्पा आणि मदतनिसाचं नाव कागदावर लिहा. टप्पा कनेक्ट, सेंड, कंपाइल, रिसीव्ह किंवा ब्लॉक्ड असेल.

४. आता ‘एसएस -टीएनए’ चालवा आणि ३६३२ पोर्टच्या ओळी शोधा. इथे घाई करू नका, निम्मं उत्तर इथेच मिळतं. ‘सिन-सेंट’ दिसलं तर तुमचं मशीन दार ठोठावतंय आणि आतून उत्तर येत नाही. ‘एस्टॅब’ असून सेंड-क्यूचा आकडा मोठा आहे आणि हलत नाही, तर दार उघडलंय पण माल वाटेत अडकलाय. ‘एस्टॅब’ आणि दोन्ही क्यू शून्य असतील तर बहुधा मदतनीस काम करतोय. आकडा एकदाच पाहून निष्कर्ष काढू नका, आज्ञा पाच-सहा वेळा चालवा.

५. घड्याळ पाहा. बिल्ड पाच मिनिटांनी आपोआप पुढे सरकते का? डिस्टसीसी अडलेल्या कामाची वाट मुळात ३०० सेकंद पाहतं आणि मग ते काम तुमच्याच मशीनवर करून टाकतं. त्यामुळे शेवटी बिल्ड झाली म्हणजे नेटवर्क ठीक आहे, असं मुळीच समजू नका.

६. आता कंट्रोल-सी करा.

७. ‘एक्सपोर्ट डिस्टसीसी_फॉलबॅक=०’ द्या. आता काम गुपचूप घरी होणार नाही, अपयश उघड दिसेल.

८. ‘एक्सपोर्ट डिस्टसीसी_व्हर्बोस=१’ द्या. पडदा भरून वाहील, चालेल.

९. ‘डिस्टसीसी_होस्ट्स’मध्ये कागदावरच्या एकाच मदतनिसाचा आयपी ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२१/४. लोकलहोस्ट काढून टाका, नाहीतर चाचणी खोटी ठरेल.

१०. मदतनिसावर जाऊन ‘आयपी ॲडर’ने त्याचा आयपी ताडून पाहा. पावसाळ्यात वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि आयपी बदलला, हे नेहमीचं. बदलला असेल तर राउटरमध्ये तो कायमचा बांधून द्या.

११. तुमच्या मशीनवरून त्या आयपीला पिंग करा. दोघंही वाय-फायवर असून उत्तर आलं नाही तर राउटरमधली ‘एपी आयसोलेशन’ची खूण काढा. पीजी-हॉस्टेलचं वाय-फाय असेल तर तिथे ही सेटिंग तुमच्या हातात नसते, सरळ स्वतःचा छोटा स्विच आणि केबल लावा.

१२. ‘एनसी -झेडव्ही’ देऊन पुढे आयपी आणि ३६३२ लिहा. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर पायरी १३. नुसतीच शांतता असेल तर पायरी १५. ‘सक्सीडेड’ आलं तर थेट १६.

१३. मदतनिसावर ‘एसएस -टीएलएन’ चालवा. ३६३२च्या ओळीत १२७.०.०.१ दिसलं की चोर सापडला: सर्व्हर फक्त स्वतःचंच ऐकतोय. ती ओळच नसेल तर तो सुरूच नाही.

१४. मदतनिसावर ‘/ईटीसी/डिफॉल्ट/डिस्टसीसी’ उघडा, ‘लिसनर’मध्ये मदतनिसाचा लॅन आयपी आणि ‘अलाउडनेट्स’मध्ये तुमचं नेटवर्क लिहा, मग सेवा रीस्टार्ट करा. रीस्टार्ट विसरलात तर काहीच बदलणार नाही.

१५. मदतनिसावर ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाव फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ३६३२ प्रोटो टीसीपी’ चालवा. आयपी तुमच्या नेटवर्कप्रमाणे बदला. फायरवॉल अख्खी बंद करू नका, आणि हा पोर्ट इंटरनेटला तर कधीच उघडू नका. इथे पासवर्ड नाही, जो आत येईल त्याचं काम मदतनीस करतो.

१६. ‘पिंग -एम डू -एस १४७२’ मदतनिसाच्या आयपीला द्या, एम कॅपिटल. १४७२ आणि हेडरचे २८ मिळून १५०० बाइट होतात. लहान पिंग धावतं आणि हे अडतं, तर सेंडमध्ये अडकण्याचं कारण हातात आलं. घरून व्हीपीएनने जोडलात की हे फार वेळा होतं. १४७२ उतरवत जा, जो आकडा पार होईल तो लिहून ठेवा.

१७. मागची पायरी अडली असेल तरच तुमच्या मशीनवर ‘आयपी लिंक सेट’ने एमटीयू बदला: मिळालेला आकडा अधिक २८. व्हीपीएन असेल तर बदल व्हीपीएनच्या इंटरफेसवर करा. रीबूटनंतर तो जातो, म्हणून नेटवर्क सेटिंगमध्येही नोंदवा.

१८. दोन्ही मशीनवर ‘इथटूल’ने स्पीड पाहा. गिगाबिट कार्डावर १००, किंवा डुप्लेक्स ‘हाफ’ दिसलं तर केबल बदला. वाकवून पुन्हा लावू नका, बदलाच.

१९. एक मिनिट थांबा. अपयशी मदतनिसाला डिस्टसीसी ६० सेकंद बाजूला ठेवतं. लगेच चाचणी घेतलीत तर दुरुस्ती फसली असं उगाच वाटेल.

२०. ‘डिस्टसीसी जीसीसी -सी’ देऊन एकच छोटी सी फाइल कंपाइल करा. मदतनिसाच्या आयपीसकट ‘कम्प्लीटेड ओके’ दिसलं की शाब्बास!

२१. अजूनही सेंडमध्येच अडत असेल तर ‘एक्सपोर्ट डिस्टसीसी_टीसीपी_कॉर्क=०’ देऊन तीच फाइल पुन्हा कंपाइल करा. फरक पडला नाही तर हे काढून टाका.

२२. टप्पा कंपाइलच असेल तर मदतनिसावर ‘सेन्सर्स’ चालवून तापमान बघा. मे महिन्यात भोपाळचा पारा चाळिशी ओलांडतो, बंद खोलीतलं मशीन तापून मंदावतं. तिथे नेटवर्कचा दोष नाही, पंखा लावा आणि धूळ झाडा.

२३. बाकीचे मदतनीस एकेक करून यादीत परत घ्या, प्रत्येकानंतर पायरी २०. सगळे एकदम घातले तर दोषी कोण ते कळणार नाही.

२४. पूर्ण बिल्ड लावा. ‘मेक -जे’चा आकडा सगळ्या मदतनिसांच्या मिळून कोअरच्या साधारण दुप्पट ठेवा. ब्लॉक्डच्या ओळी साचल्या तर तो कमी करा. शेवटी लिंकिंगला बिल्ड रेंगाळली तर दचकू नका, ते काम तुमच्याच मशीनवर होतं.

२५. ‘अनसेट डिस्टसीसी_फॉलबॅक’ द्या आणि व्हर्बोसही काढा. हे राहून गेलं तर उद्या एक मदतनीस बंद पडताच सगळी बिल्ड कोसळेल.