उंटाचं कुबड का कलतं?

प्रश्न : जैसलमेरला एका उंटाचं कुबड एका बाजूला कललेलं दिसलं. त्यातलं पाणी संपलं होतं का?

उत्तर : नाही. कुबडात पाण्याचा साठा नसतोच. असते ती चरबी. पोटभर चारा मिळाला की ती साठते, उपासमारीत खर्ची पडते. पावसानंतर राजस्थानात चारा मुबलक असतो, तेव्हा कुबड ताठ नि हाताला घट्ट लागतं. उन्हाळ्यात वाळका पाला आणि काटेरी झुडपांवर भागवावं लागतं. त्यात ओझंही जड असेल तर कुबड आटतं, सैल पडतं. मूत्रपिंडांभोवतीची चरबीही अशीच कमी-जास्त होते, फक्त ती दिसत नाही.

हिवाळ्यात मात्र गोष्ट वेगळी. माजावर आलेला नर तोंडाला फेस आणतो, घशातून गुलाबी फुगा बाहेर काढतो आणि समोर चारा असूनही नीट खात नाही. तोही रोडावतो.

म्हणून कुबडाबरोबर फासळ्याही पाहा. त्या उठून दिसत असतील तर कृपा करून त्या उंटावर बसू नका. त्याला विश्रांती हवी, गवारीचा किंवा मटकीचा भुसा हवा, मीठही हवं. आटलेलं कुबड चार दिवसांच्या खुराकाने भरत नाही.